ओहमचा नियम

वाहकाचे तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना त्यातून वाहणारी विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या सम प्रमाणात असते, हा विद्युतशास्त्रातील मूलभूत नियम.

जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी हा नियम प्रयोगांती मांडला आणि १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रयोगांत त्यांनी स्थिर विभवांतरासाठी तपयुग्माचा (पहा : तापविद्युत) वापर केला. हेन्री कॅव्हेंडिश यांना हा संबंध आधीच आढळला होता; मात्र त्यांचे निष्कर्ष १८७९ मध्ये प्रकाशात आले.

विभवांतर (व्होल्ट) = विद्युतधारा (अँपिअर) × रोध (ओहम), हे नियमाचे गणिती रूप होय. रोध वाहकाची लांबी, काटछेदाचे क्षेत्रफळ, द्रव्य व तापमान यांवर अवलंबून असतो. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, तर समांतर जोडणीत त्यांच्या व्यस्तांकांची. १२ व्होल्ट विभवांतराला ४ व २ ओहमचे रोधक एकसर जोडल्यास २ अँपिअर, तर समांतर जोडल्यास ९ अँपिअर धारा वाहते. डायोड, ट्रांझिस्टर (पहा : अर्धसंवाहक) यांना हा नियम लागू पडत नाही. प्रकाश उत्सर्जक डायोडला म्हणूनच एकसर रोधक जोडतात : ९ व्होल्टची बॅटरी, डायोडवरील २ व्होल्ट व २० मिलिअँपिअर धारा धरल्यास ३५० ओहम रोध लागतो.

मंडलांचा आराखडा, वायर व फ्यूज यांची निवड आणि मोजमापक उपकरणांची रचना या नियमावर आधारलेली आहे. रोधाच्या एककास ओहम यांचे नाव देण्यात आले आहे (पहा : किरखोफचे नियम, विद्युत शक्ती).