आक्षेप आणि ग्रंथालय : एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

ग्रंथालयांच्या इतिहासात इमारतीची पायाभरणी, देणगीदारांची नावे आणि ग्रंथसंख्येची वाढ यांच्या नोंदी विपुल आढळतात. मात्र एखाद्या वाचकाने एखादा ग्रंथ टेबलावर ठेवून ‘हा येथे असता कामा नये’ असे म्हटले तेव्हा पुढे काय घडले, याची नोंद क्वचितच सापडते. वस्तुतः ग्रंथालयाची खरी परीक्षा त्याच क्षणी होते. धर्मनिष्ठ शिक्षणसंस्थेत तर ती अधिकच कठीण होते. ख्रिस्ती विद्यापीठाला श्रद्धेची राखण करायची असते आणि विद्येची उपासनाही. या दोन्हींचा मेळ ख्रिस्ती संस्थांनी कसा घातला, याचा इतिहास कोणत्याही ग्रंथालयाला उपयोगी पडण्याजोगा आहे.

पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत, १५५९ मध्ये, निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन यादी प्रसिद्ध झाली. पुढे सुमारे चार शतके ती वाढत राहिली. १९४८ ची आवृत्ती अखेरची ठरली. कांटचा ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ हा ग्रंथ आणि व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरीही त्या यादीत जाऊन बसली होती. कॅथलिक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असे ग्रंथ कुलूपबंद कपाटात ठेवीत आणि ते वाचण्यासाठी धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा लागे. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला कांट वाचायचा, तर आधी परवानगी मिळवावी लागे. ग्रंथ नाहीसा केला जात नसे, हे खरे. पण निर्णय दूर रोममध्ये झालेला असे, आणि वाचकाला त्याविषयी दाद मागण्याची सोय नव्हती. १४ जून १९६६ रोजी या यादीचे कायदेशीर बंधन संपुष्टात आले.

या प्रश्नाची दुसरी बाजू मराठी वाचकांना गोव्याच्या इतिहासात दिसते. १५५६ मध्ये तेथील सेंट पॉल महाविद्यालयात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला आणि चारच वर्षांनी, १५६० मध्ये, त्याच भूमीवर इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय आले. देशी भाषांतील पोथ्यांवर गंडांतर कोसळले. परंतु त्याच काळात जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी रामायण-महाभारतातील कथा कोकणी आणि मराठीत, रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. कृष्णदास शामाने १५२६ मध्ये आरंभिलेले श्रीकृष्णचरित्रही तेथेच सापडले. ज्या धर्मसत्तेने पोथ्यांना थारा नाकारला, तिच्याच सेवकांनी त्या अभ्यासासाठी जपल्या. त्यांचा हेतू खंडनाचा असला, तरी खंडनासाठीसुद्धा मूळ ग्रंथ हाताशी लागतो, हे त्यांनी ओळखले होते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण या तिन्ही आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. हा ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आधारे. ग्रंथ राहावा, यासाठी कोणीतरी तो सांभाळावाच लागतो, एवढा बोध यातून निश्चित मिळतो.

विसाव्या शतकात या प्रश्नाला निराळे वळण लागले. १९३८ मध्ये अमेरिकेतील डे मॉईन या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकांच्या हक्कांचा एक जाहीरनामा स्वीकारला आणि १९३९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने त्याच धर्तीवर आपली सनद संमत केली. त्यानंतर आक्षेप हाताळण्याची एक लेखी पद्धत रूढ होत गेली. आक्षेपकाचे म्हणणे प्रथम शांतपणे ऐकून घ्यावे. तो समाधानी नसेल तर त्याला छापील अर्ज द्यावा. ग्रंथ संपूर्ण वाचला आहे काय, कोणत्या पृष्ठावर आणि कशासाठी आक्षेप आहे, हे त्यात विचारावे. अर्ज समितीपुढे ठेवावा. समितीने ग्रंथ पूर्ण वाचून लेखी निर्णय द्यावा. आणि तोवर ग्रंथ आपल्या जागी राहू द्यावा. अनेक ख्रिस्ती विद्यापीठांनीही अशीच पद्धत स्वीकारली. आपली धर्मश्रद्धा ती धोरणात स्पष्ट नमूद करतात. पण एखादा ग्रंथ संग्रही असणे म्हणजे त्यातील मताला संस्थेची संमती असणे नव्हे, हेही सांगतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजचेच विद्यार्थी होते. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला आणि प्रत्येक ग्रंथालाही आपापला न्याय्य हक्क दिला आहे. १९५७ ते १९५९ या काळात ते इंदूरच्या शेजारी उज्जैनला, विक्रम विद्यापीठात, अभ्यागत प्राध्यापक होते. त्यामुळे हा विचार माळव्याला परका नाही. इंदुरात तर कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्हरंड जॉन विल्की यांनी १८८७ मध्येच इंदूर ख्रिश्चन कॉलेज स्थापन केले होते.

तथापि याच इंदूरने डिसेंबर २०२२ मध्ये निराळा अनुभव घेतला. येथील शासकीय नवीन विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील ‘कलेक्टिव्ह व्हायोलन्स अँड क्रिमिनल जस्टिस सिस्टिम’ या पुस्तकातील मजकुरावर विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला. थोड्याच दिवसांत प्राचार्यांना राजीनामा द्यावा लागला. लेखिका, प्रकाशक आणि प्राचार्य यांच्याविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पुस्तकाची खरेदी २०१४ सालची होती. प्राचार्य पदावर आले ते २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यांना अटकेपासून संरक्षण दिले आणि मे २०२४ मध्ये त्यांच्यावरील गुन्हा रद्द ठरवला. दीड वर्षाने न्याय मिळाला खरा. पण ग्रंथातील मजकूर योग्य की अयोग्य, या मूळ प्रश्नाची विद्वत्समितीपुढील शांत चर्चा या गदारोळात मागे पडली.

आक्षेप घेणाऱ्याला शत्रू समजण्याचे कारण नाही. कित्येकदा त्याचा आक्षेप साधारही असतो. ग्रंथात चुकीची माहिती असते, एखाद्या समाजाविषयी अन्यायकारक विधान असते. अशा वेळी ते दाखवून देणे हे वाचकाचे कर्तव्यच होय. परंतु त्याला जाण्यासाठी वाट नसेल, तर आक्षेप रस्त्यावर उतरतो. रोमच्या यादीत वाचकाला दाद मागता येत नव्हती. आणि जमावापुढे ग्रंथालाही दाद मागता येत नाही. या दोहोंमधला मार्ग ख्रिस्ती विद्यापीठांनी पुष्कळ ठेचा खाऊन शोधला.

सभासदांच्या वर्गणीवर आणि आश्रयदात्यांच्या औदार्यावर चालणाऱ्या वाचनालयाला हा मार्ग विशेष सोयीचा आहे. त्यासाठी खर्च लागत नाही. कार्यकारी मंडळाने ग्रंथनिवडीचे धोरण लिहून फलकावर लावावे, आक्षेपाचा अर्ज तयार ठेवावा आणि दोन-तीन जाणत्या वाचकांची समिती नेमावी. वर्षभरात आलेले आक्षेप व त्यांवरील निर्णय वार्षिक सभेपुढे वाचून दाखवावेत. ग्रंथपालाच्या टेबलाशी एकट्याने उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी तेव्हा सारी संस्था उभी असेल. शिवाय पुढच्या पिढीच्या इतिहासकाराला इमारतीच्या पायाभरणीबरोबर हीही नोंद सापडेल.