कुर्ल्याची फियाट

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या दिशेने जाणारा रस्ता मुर्धा आणि राई ही गावे मागे टाकून मोरवा गावात येतो, तेव्हा खाजणे, मिठागरे आणि तिवरांची झाडी यांनी व्यापलेला, मुंबईच्या वेशीला लागून असूनही पिढ्यान्‌पिढ्या तिच्या हद्दीबाहेर राहिलेला, ठाणे जिल्ह्याच्या दप्तरातला एक टापू प्रवाशाच्या दृष्टीस पडतो. युरोपाशी या टापूचा संबंध जुना आहे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजांनी पोर्तुगीजांचा पाडाव करीपर्यंत हा सारा मुलूख त्यांच्याच अमलाखाली होता, आणि उत्तन-डोंगरीकडील चर्चे त्या अमलाची साक्ष आजही देतात. परंतु विसाव्या शतकात युरोपातील जे नाव येथील शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या आणि मिठागरावर राबणाऱ्या मजुराच्याही तोंडी सहज रुळले, ते कोणत्या राजाचे वा धर्मगुरूचे नव्हते, तर इटलीतील तुरीन शहरातल्या एका मोटार कारखान्याचे होते. मुंबईत कामास जाणाऱ्याला ते टॅक्सीच्या रूपाने भेटले. गावात ते डॉक्टरच्या गाडीच्या किंवा फुलांच्या माळांनी सजवलेल्या वरातीच्या गाडीच्या रूपाने आले. या नावाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा लाभली ती तुरीनहून आयात झालेली नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातील कामगार, मुंबईचे टॅक्सीचालक आणि गावोगावचे मिस्त्री यांनी ती चाळीस-पन्नास वर्षे खपून कमावली, असे माझे मत आहे.

फियाटची स्थापना ११ जुलै १८९९ रोजी तुरीन येथे झाली. संस्थापकांच्या मंडळात घोडदळातून निवृत्त झालेला जोव्हानी अन्येल्ली हा तरुण जमीनदार होता, आणि अल्पावधीतच कारभाराची सारी सूत्रे त्याच्या हाती आली. १९२३ साली पूर्णत्वास गेलेला लिंगोत्तोचा कारखाना हा त्या काळच्या औद्योगिक जगतातील एक विस्मय होता: तळमजल्यावर कच्चा माल शिरावा, मजल्यामागून मजला चढत मोटार आकारास यावी, आणि अखेरीस छपरावरच बांधलेल्या धावपट्टीवर तिची परीक्षा व्हावी, अशी त्याची रचना होती. पुढे दान्ते जाकोझा या अभियंत्याने सामान्य माणसाच्या ऐपतीची मोटार हेच आपले जीवितकार्य मानले. १९३६ ची, ‘टोपोलिनो’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली छोटी फियाट ५००, १९५५ ची ६०० आणि १९५७ ची नवी ५०० ही त्याच्या प्रतिभेची अपत्ये होत. त्याच्याच देखरेखीखाली १९५३ साली ११००-१०३ ही गाडी जन्मास आली, आणि आपल्या कथेची नायिका तीच.

तुरीनची ही गाडी कुर्ल्यास कशी आली हे समजण्यासाठी सोलापुरास जावे लागते. तेथे १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी रेल्वेची आणि बोगद्यांची कंत्राटे घेण्यापासून प्रारंभ केला, १९१९ साली सिंदिया कंपनीच्या रूपाने इंग्रजांच्या जहाजवाहतुकीच्या मक्त्यास आव्हान दिले, आणि १९४० च्या सुमारास विमाने, जहाजे व मोटारी ही तिन्ही वाहने हिंदुस्थानातच बनली पाहिजेत असा संकल्प सोडला. बंगळुरास विमानांचा आणि विशाखापट्टणम्‌ला जहाजांचा कारखाना त्यांनी प्रत्यक्षात आणला. मोटारींच्या बाबतीत मात्र त्यांची वाट फार बिकट ठरली. विश्वेश्वरय्यांनी मोटारकारखान्याची योजना आधीच मांडलेली होती, मुंबई प्रांताचे खेर मंत्रिमंडळ तिला अनुकूल होते. परंतु १९३९ साली त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दिल्लीच्या सरकारने युद्धकाळात या उद्योगास हात देण्याचे नाकारले. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. क्रायस्लरशी केलेली फळास आली. १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली, कुर्ल्यास कारखाना बांधला गेला, आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून डॉज, प्लिमथ आदी अमेरिकन नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ज्या पुरुषाने परकीय सरकारच्या दरबारी इतकी वर्षे अर्ज-विनंत्या आणि झगडे केले, त्याला आपल्या कारखान्याची खरी कीर्ती पाहावयास मिळाली नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले.

त्याच वर्षी जकात आयोगाच्या अहवालाने देशातील मोटारधंद्याची दिशा ठरली. सुटे भाग बाहेरून आणून येथे केवळ जोडणी करणाऱ्यांस थारा न देता, प्रत्यक्ष निर्मितीचा क्रमवार कार्यक्रम हाती घेणाऱ्यांनाच परवाने द्यावेत, असे धोरण सरकारने पत्करले. सबब १९२८ पासून शिवडीस गाड्या जोडणारी जनरल मोटर्स कंपनी आणि तिच्या पाठोपाठ फोर्ड यांनी येथील गाशा गुंडाळला. प्रीमिअरने त्यापूर्वीच फियाटशी संधान बांधलेले होते. १९५४ पासून कुर्ल्यास ११०० तयार होऊ लागली, आणि तिचे एकेक अंग, आज इंजिनाचा ठोकळा, उद्या गिअरपेटी, परवा अंगाचे पत्रे, अशा क्रमाने इटलीच्या पेटाऱ्यांतून निघून देशी भट्ट्यांकडे आणि देशी लेथांकडे येऊ लागले. मोठ्या उद्योगांच्या इतिहासात या क्रमाचे वर्णन एका ओळीत आटोपते. परंतु पुणे, मुंबई, ठाणे या पट्ट्यात ओतकाम, स्प्रिंगा, रबरी भाग, गास्केटे बनवणारे जे शेकडो लहान कारखाने पुढील दोन दशकांत उदयास आले, त्यांपैकी कित्येकांच्या पायाशी कुर्ल्याची ही मागणी आहे.

पहिल्या आवृत्तीतील गाडीची पुढची दारे मागच्या बाजूस बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी होती, आणि तिचे नाक गोलसर पुढे आलेले होते. त्यावरून महाराष्ट्रात तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले, ते आजही जुन्या गाड्यांचे शौकीन मोठ्या प्रेमाने घेतात. १९६४ साली ‘डिलाइट’ या नावाने जी सरळ रेषांची, आटोपशीर आकृतीची गाडी आली तिनेच पुढील साडेतीन दशके मुंबईचे रस्ते व्यापले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, चार गिअर, गिअरची दांडी सुकाणूच्या दांड्यालाच लावलेली, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी दोघांस बसता येई. कलकत्त्याने अँबेसेडर पत्करली आणि मुंबईने फियाट, यामागे केवळ कारखान्याचे सान्निध्य नव्हते. दाटीच्या रस्त्यांत वळण्यास सुलभ आणि पेट्रोलास आटोपशीर अशी ही गाडी रोजच्या धंद्याच्या हिशेबाला पटणारी होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या, आणि त्यांत फियाटचेच राज्य होते. टॅक्सीच्या छतावरील लोखंडी कॅरिअरवर वळकट्या, ट्रंका आणि गावाकडचे तांदळाचे पोते बांधून मुंबई सेंट्रलच्या आगारापर्यंत जाणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या गाडीच्या उपयुक्ततेची निराळी साक्ष नको.

आमच्या खाडीकाठाकडे ती बहुधा मुंबईत एकदोन मालकांच्या हाती राबून, जुनी होऊन येई, आणि येथे तिची कसोटी निराळी असे. मिठागरांवरून वाहणारा खारा वारा पत्र्याचा वैरी होय. ११०० ही सलग बांधणीची गाडी. जीपेप्रमाणे तिच्या खाली वेगळी चौकट नाही, तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या हेच तिचे हाडपेर, म्हणून तेथे गंज शिरला की तो केवळ रूप बिघडवीत नाही, गाडीचा आधारच पोखरतो. युरोपात १९७० च्या दशकात फियाटच्या नावाला जो बट्टा लागला तो मुख्यतः याच गंजामुळे. तेथील ग्राहकाने गंजलेली गाडी टाकून दिली आणि दुसऱ्या कंपनीची घेतली. येथे मिस्त्रीने सडलेला तळ कापला, नवा पत्रा गॅसने जोडला, लाल ऑक्साइडचा हात फिरवला, आणि गाडी आणखी चार पावसाळे काढण्यास सिद्ध केली. इंजिनाचे पिस्टन झिजले तर ठोकळा बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावेत, कार्बोरेटर उघडून फुंकून साफ करावा, न मिळणारा भाग कुर्ल्याच्या भंगारबाजारात हुडकावा, ही विद्या कोणत्याही तंत्रनिकेतनात शिकवली जात नव्हती. उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून राहिलेला मुलगा ती डोळ्यांनी आणि बोटांनी आत्मसात करीत असे. ज्या दोषापायी निर्मात्याच्या मायदेशी नाव बुडाले त्याच दोषावर आपल्या कारागिरांनी उतारा शोधला, म्हणून आपल्याकडे फियाट ‘टिकाऊ’ ठरली, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते.

परंतु या कीर्तीचा दुसरा पदर झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. वितरणावर नियंत्रण, किमतीवर नियंत्रण, उत्पादनाच्या संख्येवर परवान्याचे बंधन, अशा तिहेरी कुंपणात ही गाडी वाढली. खरेदीदाराने अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी, ही रूढी झाली होती. किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यायमूर्तींना मोटारीच्या वाजवी किमतीचा हिशेब तपासीत बसावे लागले. ज्या धंद्यात माल तयार होण्यापूर्वीच विकला जातो आणि नफ्याची मर्यादा सरकार आखते, तेथे नव्या आराखड्यावर भांडवल कोण घालणार? तुरीनने १९६९ साली ११०० चे उत्पादन थांबवले आणि जाकोझाची १२८ ही, आडवे इंजिन पुढे ठेवून पुढचीच चाके फिरवणारी गाडी बाजारात आणली. आज जगातील बहुसंख्य लहान गाड्या याच रचनेच्या आहेत. स्पेनमधील सेआत, तुर्कस्तानातील तोफाश, व्होल्गाकाठचा तोल्याट्टीचा कारखाना या सर्वांनी फियाटचाच परवाना घेऊन आरंभ केला होता, आणि ते सारे पुढच्या पिढीच्या गाड्यांकडे वळले. कुर्ल्यास बदलले ते मुख्यतः नाव: करार संपल्यावर १९७४ च्या सुमारास काही काळ ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमिअर पद्मिनी’. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. याचा दोष मी कामगारांना देत नाही, आणि सर्वस्वी मालकांनाही देत नाही. वालचंदांनी ज्या स्वावलंबनासाठी परक्या सरकारशी झुंज दिली, त्याच स्वावलंबनाच्या नावाने स्वकीय सरकारने उद्योगाचे पाय जखडले, ही त्या कालखंडाची शोकान्तिका होय.

कुर्ल्याचा कामगारही या इतिहासात स्वतःच्या पायांवर उभा आहे. मोटार-उत्पादन खात्यातील प्रोत्साहन-वेतनाच्या करारावरून तेथील दोन संघटनांत जो तंटा पेटला त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि १९७५ च्या निकालाने असे ठरले की, औद्योगिक विवाद अधिनियमानेच निर्माण केलेल्या हक्काची दाद त्याच अधिनियमाच्या मार्गाने मागावी, दिवाणी न्यायालयात नव्हे. कामगार कायद्याचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी आजही हा खटला वाचतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि पुढचा क्रम झपाट्याने घडला. प्रीमिअरने फ्रान्सच्या प्युजोशी भागी करून डोंबिवली-कल्याणच्या बाजूस केलेला प्रयोग १९९७ साली मोडला. फियाट स्वतः परतली आणि कुर्ल्यातून ‘उनो’ काढू लागली, तर १९९६ च्या कामगार-असंतोषाने बुकिंग केलेल्या ग्राहकांस ताटकळत ठेवले. शतक पालटण्याच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. कारखान्याच्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी राहिली आणि प्रीमिअर रोड हे रस्त्याचे नाव तेवढे उरले. फियाटने टाटांशी भागी करून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव गाठले, आणि तेथे बनलेले तिचे लहान डिझेल इंजिन इतके नावाजले की टाटांच्या गाड्यांतही ते धावू लागले आणि मारुतीनेही त्याच आराखड्याचे इंजिन परवान्याने घेतले; फियाट या नावाच्या गाड्या मात्र खपल्या नाहीत, आणि २०१९ साली त्यांची येथील विक्री संपली. यंत्र उत्तम असूनही नाव का चालले नाही, याचे कारण माझ्या मते विक्री आणि दुरुस्तीच्या व्यवस्थेत आहे: ज्या मिस्त्रींच्या बळावर जुनी फियाट जगली, त्यांच्यासाठी नव्या गाडीचे झाकण बंद होते, आणि त्यांची जागा घेईल असे सेवाकेंद्रांचे जाळे कंपनीस विणता आले नाही.

मुंबईत टॅक्सीच्या वयास वीस वर्षांची मर्यादा आहे. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ही मर्यादा गाठून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली. निदान एक गाडी जतन करावी अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने तेव्हा केली, आणि ती सर्वथा रास्त आहे. मात्र गाडीबरोबरच कुर्ल्याच्या कारखान्यातील आराखडे, वेतनाचे करारनामे, संघटनांची पत्रके आणि खात्याखात्यांतील कामाची रीत यांचाही संग्रह व्हावा. ज्यांनी तेथे इंजिने जुळवली आणि पत्रे ठोकले ते कामगार आता वृद्धापकाळी उपनगरांतून आणि आपापल्या गावी विखुरले आहेत. मिस्त्रींची दुकानेही एकेक करून बंद होत आहेत. त्यांच्याकडून ही माहिती लिहून घेण्याचे काम मुंबई विद्यापीठाने किंवा एखाद्या मराठी संशोधनसंस्थेने विनाविलंब हाती घ्यावे.