मन मोकळे करायचे कुणाजवळ?

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळे दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदुरात असतो, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मूर्ती हलवायची वेळ आली की दोन्हीकडचे मानकरी एकत्र बसतात आणि लेखी करार होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, देवही एकच आहे, तरी कागद होतोच. विश्वासाचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा करार सांगतो. भरवसा नुसत्या आपुलकीवर उभा राहत नाही. ठरल्या दिवशी ठरलेली गोष्ट होते, हे वर्षानुवर्षे दिसावे लागते.

मानसिक त्रासात माणूस कुणाकडे मदत मागतो आणि आपल्या माणसांवर किती विसंबतो, हे दोन प्रश्न बराच काळ वेगवेगळे अभ्यासले गेले. फिशर आणि टर्नर यांनी १९७० साली पहिल्या प्रश्नासाठी २९ विधानांची मापनश्रेणी तयार केली. गरज ओळखणे, लोकलाज सोसणे, मन उघडे करण्याची तयारी आणि तज्ज्ञावरचा विश्वास ही तिची चार अंगे. रेम्पेल, होम्स आणि झॅना यांनी १९८५ साली जवळच्या नात्यांतील विश्वासाचे तीन थर मांडले: वागण्यातला नेम, माणूस भरवशाचा असल्याची खात्री, आणि पुढचे काही दिसत नसतानाही टिकणारी श्रद्धा. आज इंडोनेशियासारख्या देशांतले अभ्यासकही हे दोन प्रश्न एकत्र हाताळत आहेत. इंडोनेशियाच्या २०१८ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम नऊ टक्के लोक उपचार घेत असल्याचे आढळले होते. आपल्याकडे २०१५-१६ ची राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी बारा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तिच्यातही बहुतेक आजारांत उपचारांविना राहिलेले लोक सत्तर टक्क्यांहून अधिक होते.

असे आकडे दिसले की अज्ञान आणि अंधश्रद्धेकडे बोट दाखवणे सोपे असते. मला ते पटत नाही. तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या बाईला मनोविकारतज्ज्ञ गाठायला सोलापूरला जायचे तर दिवसाचा रोज बुडतो, एसटीचे भाडे लागते, आणि घरात काय सांगून निघायचे हा पेच असतोच. शिवाय फिशर-टर्नर यांची मापनश्रेणी बंद दाराआड बसलेला अनोळखी तज्ज्ञ गृहीत धरते. गावात प्रश्न विचारला जातो ओसरीवर. शेजारी सासू शेंगा फोडत बसलेली असते, दारातून दीर ये-जा करतो. "मनातलं कुणाला सांगता का?" यावर सून "सगळं बरं आहे" म्हणते आणि प्रश्नावलीत खूण होते. तीच बाई दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना, दंडाला पट्टा बांधलेला असताना, हलक्या आवाजात सांगते: झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात, घास गोड लागत नाही.

म्हणूनच अणदूर या विषयासाठी फार मोलाची जागा आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे गावोगावच्या बायांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले, तेही २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या येण्याच्या आधी. गावातलीच बाई औषध देते, बाळंतिणीची विचारपूस करते, पुन्हा येते. विश्वासाचा पहिला थर असाच घडतो. पण हीच बाई कुणाची तरी जाऊ असते, कुणाच्या तरी भावकीतली असते. जवळीक आहे म्हणून तिला सांगावेसे वाटते, आणि जवळीक आहे म्हणूनच भीती वाटते. राज्य सरकारच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशा शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची चौकशी करतात. तिथेही ही गाठ सुटत नाही.

ती अजिबात सुटतच नाही असेही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरोघरी बोलणे केले, साधे समुपदेशन दिले. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे मदत घेत नाहीत, हे विधान मी त्यानंतर सरसकट कधी मान्य केले नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते मात्र नवराबायकोतले मौन. सावकाराचे देणे किती, हे बायकोला कळू नये म्हणून पुरुष एकटाच कुढतो. तिला घोर नको, हा त्याचा हेतू. तिला ते कुठूनतरी कळतेच. मग तिला कर्जापेक्षा आपल्याला सांगितले नाही याचेच जास्त लागते. या घरात विश्वास कमी आहे म्हणायचे की माया जास्त? आणि असा पुरुष घरात बोलत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर तरी बोलेल का?

याचे उत्तर शोधायचे तर नवरा आणि बायको दोघांना, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी भेटावे लागेल. तिला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात, त्याला रानात. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी जाणार नाही, लिहिलेला कागद कुठे राहील, तो कोण वाचेल, हे आधी सांगावे लागेल. मंगळवारी येतो म्हटले तर मंगळवारीच जावे लागेल, पावसातही. प्रश्नावली तिसऱ्या-चौथ्या भेटीत काढली तरी चालेल. धाराशिव जिल्ह्यात असे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी जरूर यावे.