कमांडने फाईल पुसताना...

माऊसच्या साहाय्याने काढून टाकलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जाते आणि तेथून परत मिळवता येते. कमांड लाइनवर आज्ञा टाईप करून पुसलेल्या फाईलला मात्र हा मधला मुक्काम नसतो.

विंडोजमध्ये फाईल पुसण्यासाठी 'डीईएल', तर फोल्डरसाठी 'आरडी' ही कमांड आहे. (कमांड रोमन अक्षरांतच टाईप कराव्या लागतात.) 'आरडी' फक्त रिकामे फोल्डर काढते. पुढे '/एस' जोडल्यास आतील सर्व फाईल्सही जातात. पण त्याआधी संमती विचारली जाते. '/क्यू'ही जोडल्यास तो प्रश्न टळतो. युनिक्स व लिनक्समध्ये हेच काम 'आरएम' करते. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही ती आढळते. तिला '-आर' जोडल्यास फोल्डर आतील सर्व गोष्टींसह जाते, '-एफ'मुळे काहीही विचारले जात नाही, तर '-आय'मुळे प्रत्येक फाईलसाठी संमती मागितली जाते.

खरा धोका तारांकनाचा. '*' म्हणजे 'सर्व काही'. लिनक्समध्ये '*.टीएमपी' लिहिताना तारांकनानंतर चुकून एक जागा सुटली, तर केवळ तात्पुरत्या फाईल्स नव्हे, त्या फोल्डरमधील जवळपास सर्वच फाईल्स पुसल्या जातात.

१९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २'चे काम सुरू असताना 'आरएम' कमांडमुळे चित्रपटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला. बॅकअप व्यवस्थाही नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे चित्रपट वाचला.

पुसलेल्या फाईलमधील मजकूर सहसा लगेच नष्ट होत नाही. सूचीतून तिचे नाव जाते आणि जागा मोकळी समजली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, की जुने संपते. म्हणून चूक लक्षात येताच त्या डिस्कचा वापर थांबवावा. एसएसडीमध्ये 'ट्रिम' सुविधेमुळे मोकळी झालेली जागा लवकर साफ होते, त्यामुळे तेथे आशा कमीच.

पुसण्याआधी आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते पाहावे. तेच नाव किंवा तारांकन आधी 'डीआयआर' अथवा 'एलएस'ला देऊन यादी तपासावी आणि मगच पुसण्याची कमांड द्यावी. बॅकअपमधून फाईल खरोखर परत मिळते का, हेही अधूनमधून करून पाहावे.