यजमानालाच मारणाऱ्या विकराचा स्फटिक

ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र मुंबईकरांना ठाऊक असते ते अणुभट्ट्यांसाठी. तेथे प्रथिनांचे स्फटिक वाढवून क्ष-किरणांनी त्यांची रचना उलगडण्याचे कामही अनेक वर्षे चालत आले आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. एड्सच्या विषाणूतील प्रोटिएज या विकराची रचना येथील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली होती. या शास्त्रातील खरी कसोटी क्ष-किरणांच्या आधी, स्फटिक मिळविण्यातच असते. जिवाणूतील आरएनए तोडणारी विकरे तर त्याही आधी अडवतात. 'बार्नेज' हे त्याचे उत्तम उदाहरण.

बॅसिलस अ‍ॅमिलोलिक्विफेशियन्स हा मातीतला जिवाणू बार्नेज तयार करून पेशीबाहेर सोडतो. ११० अमिनो आम्लांचे हे छोटेसे विकर आरएनएची साखळी कापते. एरवी हवे ते प्रथिन भरपूर मिळविण्यासाठी त्याचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालतात. बार्नेजचे जनुक तसेच घातले, तर यजमानाचाच आरएनए कापला जाऊन तो मरतो. मूळ जिवाणू वाचतो, कारण तो 'बारस्टार' नावाचे दुसरे प्रथिन पेशीतच बाळगतो. बाटलीला बूच बसावे तसे ते बार्नेजच्या कापणाऱ्या खाचेत घट्ट बसते. अमेरिकेतील रॉबर्ट हार्टली यांनी १९८० च्या दशकात दोन्ही जनुके एकत्र घालून ही अडचण सोडविली. नंतर द्रावण आम्लधर्मी केले, की ही जोडी सुटते आणि बार्नेज वेगळे काढता येते.

पुढचे काम खडीसाखरेसारखे, पण कितीतरी नाजूक. शुद्ध प्रथिनाचा एखाद-दोन मायक्रोलिटरचा थेंब तितक्याच क्षारद्रावणात मिसळून काचेच्या चकतीवर ठेवतात. ही चकती उलटी करून त्याच द्रावणाने भरलेल्या खळग्यावर ग्रीसने हवाबंद बसवितात. थेंबातील पाणी हळूहळू खाली जाते, प्रथिन दाट होत जाते आणि नशीब असेल तर काही दिवसांत स्फटिक दिसतो. घाई झाली, की हाती येतो नुसता गाळ. आम्लता, क्षार, तापमान यांचे शेकडो मेळ तपासावे लागतात. कधी सुंदर स्फटिक दिसतो आणि तो निघतो मिठाचा! सुईने दाबून पाहिले, की मिठाचा कडकन फुटतो, प्रथिनाचा मऊसर चुरा होतो. कारण त्यात साधारण निम्मे पाणीच असते.

एकट्या रेणूवरून विखुरणारे किरण फारच क्षीण असतात. स्फटिकात असंख्य रेणू एकाच शिस्तीत उभे असल्याने त्यांची नोंद घेता येते. प्रखर किरणांनी स्फटिक खराब होऊ नये म्हणून तो सुमारे उणे १७३ अंश सेल्सिअसला गोठवितात. असे किरण मिळविण्यासाठी भारतीय संशोधकांना पूर्वी परदेशी सिंक्रोट्रॉनकडे पाहावे लागे. २०१० च्या दशकात भाभा केंद्राने इंदूरच्या 'इंडस-२' यंत्रावर प्रथिनांसाठी स्वतंत्र किरणवाहिनी उभारली. देशातल्या देशात स्फटिक तपासता येणे ही सोय लहान नव्हे.

बार्नेजची रचना १९८२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चमूतील गाय व एलिनॉर डॉड्सन हे दांपत्य पूर्वी डोरोथी हॉजकिन यांच्या इन्शुलिन गटात होते, बंगळूरूचे एम. विजयन हेही त्याच गटातले. आरएनए कापण्याच्या कामात ७३ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्ल व १०२ व्या स्थानावरील हिस्टिडिन कसे भाग घेतात, हे या रचनेच्या आधारे समजून घेता आले. बारस्टारसह असलेल्या जोडीची रचना १९९० च्या दशकात मिळाली.

आपल्याकडे या जोडीचे नाव गाजले ते मोहरीमुळे. दिल्ली विद्यापीठाच्या 'डीएमएच-११' या जनुकीय संकरित वाणात बार्नेज परागकोशातील पेशी मारून नर-वंध्यत्व आणते आणि दुसऱ्या वाणातून आलेले बारस्टार संकरात ते दूर करते. या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर भिन्न निकाल दिले.