उत्प्रेरकी परिवर्तक व ऑक्सिजन संवेदक : दोषनिदानाचा इतिहास

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील (ज्वलनानंतर नळीवाटे बाहेर टाकल्या जाणाऱ्या वायूंतील) विषारी घटकांचे रासायनिक विक्रियेने निरुपद्रवी वा कमी उपद्रवी पदार्थांत रूपांतर करणाऱ्या साधनास उत्प्रेरकी परिवर्तक म्हणतात. त्याच निष्कास वायूंत शिल्लक राहिलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण विद्युत् दाबाच्या रूपाने दाखविणाऱ्या साधनास ऑक्सिजन संवेदक हे नाव आहे. दुरुस्तीच्या धंद्यात यांना अनुक्रमे ‘कॅटकॉन’ व ‘ओटू सेन्सर’ ही नावे रूढ आहेत. परिवर्तकाचे काम संवेदकावर अवलंबून असते आणि संवेदकाच्या सांगण्यावरूनच परिवर्तकाची प्रकृती ठरविली जाते. यामुळे दोहोंपैकी खरा दोषी कोण, हे ओळखणे सोपे नसते. या निदानविद्येचा इतिहास इंधन, कायदा आणि संगणक या तिन्हींच्या इतिहासात गुंतलेला आहे. महाराष्ट्रात त्याचा संबंध प्रामुख्याने पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण व माण-हिंजवडी या पट्ट्याशी येतो.

लॉस अँजेल्स शहरावर पसरणारे डोळे झोंबविणारे धुरके मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे आरी हाखेन-स्मिट या डच-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी 1950 नंतरच्या दोनतीन वर्षांत दाखवून दिले. त्याच सुमारास, खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनासाठी (मोठ्या रेणूंचे तुकडे करण्याच्या प्रक्रियेसाठी) प्रसिद्ध असलेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री मोटारींसाठी परिवर्तक बनविण्याच्या खटपटीत होते. त्यांना 1956 मध्ये अमेरिकेत एकस्व (पेटंट) मिळाले. परंतु साधन बाजारात चालले नाही. त्या काळच्या पेट्रोलात टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळीत असत. शिशाचा थर उत्प्रेरकाच्या पृष्ठावर बसला की, उत्प्रेरक निकामी होई. हे संयुग एंजिनातील आघाती ज्वलन (खडखड आवाज करीत होणारे अकाली ज्वलन) थांबविते, असे टॉमस मिजली यांना 1921 मध्ये आढळले होते. म्हणजे एंजिनाच्या आरोग्यासाठी घातलेल्या औषधानेच पुढे निष्कास शुद्धीकरणाची वाट अडविली.

ती वाट अमेरिकेच्या 1970 च्या शुद्ध हवा कायद्याने मोकळी केली. 1975 च्या अमेरिकी मोटारींत परिवर्तक सर्रास आले आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. शिसेयुक्त पेट्रोलाची जाडी तोटी आत जाऊ नये म्हणून या मोटारींच्या इंधनटाकीचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेले असे. दोषनिदानापेक्षा दोषप्रतिबंध बरा, या विचाराचे हे पहिले उदाहरण होय. आरंभीचे परिवर्तक केवळ ऑक्सिडीभवन घडवीत. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडाचे कार्बन डाय-ऑक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड करीत. नायट्रोजन ऑक्साइडांचे क्षपण (ऑक्सिजन काढून घेण्याची क्रिया) त्याच पेटीत घडवून आणणारा त्रिमार्गी परिवर्तक एंगलहार्ड कंपनीतील कार्ल कीथ, जॉन मूनी व त्यांचे सहकारी यांनी 1970 नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केला. यात कॉर्डिएराइट या मृत्तिकाद्रव्याच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या असंख्य बारीक छिद्रे असलेल्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो.

एकाच जागी ऑक्सिडीभवन व क्षपण या परस्परविरोधी क्रिया व्हावयाच्या, तर हवा व पेट्रोल यांचे प्रमाण फार काटेकोर राखावे लागते. वजनाने सु. 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे ते प्रमाण होय. मिश्रण याहून पातळ (हवा जास्त) झाले की, नायट्रोजन ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. दाट झाले की, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने उरतात. कार्ब्युरेटरच्या स्क्रूने हे साधणे अशक्य होते. येथे वाल्टर नेर्न्स्ट यांच्या एकोणिसाव्या शतकातील विद्युत् रसायनशास्त्राचा उपयोग झाला. झिर्कोनियम डाय-ऑक्साइडाच्या घन पदार्थातून उच्च तापमानास ऑक्सिजनाचे आयन (विद्युत् भारित अणू) वाहू शकतात. एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस निष्कास वायू असल्यास दोहोंतील ऑक्सिजनाच्या तफावतीने विद्युत् दाब निर्माण होतो. या तत्त्वावर जर्मनीतील बॉश कंपनीने संवेदक तयार केला आणि 1976 मध्ये तो प्रथम व्हॉल्व्होच्या, अमेरिकेत विकावयाच्या मोटारींत बसविण्यात आला.

झिर्कोनियाचा संवेदक सु. 300° से. पेक्षा अधिक तापल्यावरच काम करतो. मिश्रण दाट असता तो सु. 0.9 व्होल्ट व पातळ असता सु. 0.1 व्होल्ट दाब दाखवितो, मधल्या 0.45 व्होल्टच्या आसपास तो क्षणभरही स्थिर राहत नाही. संगणक पातळपणाचा निरोप मिळताच इंधन वाढवितो, दाटपणाचा मिळताच घटवितो आणि त्यामुळे निरोगी एंजिनात हा दाब सतत वरखाली होत राहतो. हा झोका हीच निदानशास्त्राची नाडी होय. झोका मंदावला तर संवेदक म्हातारा झाला असे समजतात. एकाच पातळीवर खिळून राहिला तर संवेदक मेला असेल किंवा मिश्रण खरोखरच बिघडले असेल. दोहोंतील फरक पारखण्यासाठी जाणता मेकॅनिक हवेच्या मार्गात थोडे ज्वालाग्राही वायुरूप इंधन सोडून पाहतो. दाब लगेच चढला तर संवेदकाचा दोष नाही, मिश्रणाचा आहे.

भारतात पेट्रोल मोटारींच्या निष्कासावर मर्यादा घालणारे पहिले देशव्यापी नियम 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आले. त्यांनुसार चारचाकी पेट्रोल गाडीच्या मंद गतीतील निष्कासात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, असे ठरले. गाड्यांच्या नमुन्यांची चाचणी घेण्याचा अधिकार या नियमांनी ज्या संस्थांना दिला, त्यांतील तीन महाराष्ट्रात आहेत : पुण्यातील वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना 1966), भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था (1967) व अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को (नंतरची टाटा मोटर्स), बजाज ऑटो व बजाज टेंपो यांचे कारखाने असल्याने चाचणी करणारे व चाचणीस गाडी देणारे एकमेकांपासून काही किलोमीटरांच्या अंतरावर होते. चाकणला पुढे बजाज, फोक्सवॅगन (2009), मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांचे कारखाने आले. वेताळ टेकडीवरील संस्थेनेही तेथे आपले चाचणी केंद्र काढले.

परिवर्तकाची सक्ती मात्र पुण्याला लगेच लागू झाली नाही. 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक झाला व त्यासाठी तेथील निवडक पंपांवर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. या पाच वर्षांचा काळ तांत्रिक दृष्ट्या विचित्र म्हणावा लागेल. परिवर्तक आला, पण बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरच्याच राहिल्या. साहजिकच ऑक्सिजन संवेदक नाही, संगणक नाही व परिवर्तक जिवंत आहे की नाही हे सांगणारा दिवाही नाही. महानगराबाहेर एखाददुसऱ्या टाकीभर शिसेयुक्त पेट्रोल पडले, तरी परिवर्तकाची हानी होई आणि गाडी चालविणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नसे. एखादा अवयव मेल्यावरही यंत्र पूर्ववत चालते, ही गोष्ट मेकॅनिकच्या परंपरागत अनुभवाच्या बाहेरची होती. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘भारत 2000’ ही मानके आली. यानंतर कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपणाने (नियंत्रित फवाऱ्याने) घेतली. पुण्याचा समावेश भारत टप्पा 3 (2005) व भारत टप्पा 4 (2010) प्रथम लागू झालेल्या शहरांत होता. टप्पा 4 देशभर 2017 मध्ये व टप्पा 6 देशभर 1 एप्रिल 2020 रोजी लागू झाला. मधला पाचवा टप्पा गाळण्यात आला.

गाडीने स्वतःचे निदान स्वतः करावे, ही कल्पना कॅलिफोर्नियाने 1988 मध्ये व अधिक कडक स्वरूपात संपूर्ण अमेरिकेने 1996 पासून अमलात आणली. भारतात चारचाकी गाड्यांना ती 2010 व 2013 अशा दोन पायऱ्यांनी लागू झाली. पहिल्या पायरीत मुख्यतः विद्युत् मंडल तुटले आहे काय, एवढेच गाडी तपासीत असे. दुसरीत परिवर्तकाची कार्यक्षमताही तिला अजमावावी लागली. ही अजमावणी मोठ्या युक्तीने केली जाते. परिवर्तकाच्या आधी एक व नंतर एक असे दोन संवेदक बसवितात. परिवर्तकातील सीरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठविते व गरजेप्रमाणे सोडते. म्हणून पुढच्या संवेदकाचा दाब झोके घेत असता मागच्याचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मागचाही पुढच्याप्रमाणे झोके घेऊ लागला, तर साठवणशक्ती संपली असे संगणक समजतो, ‘पी 0420’ हा संकेतांक नोंदवितो व फलकावरील एंजिनाचा पिवळा दिवा लावतो. परिवर्तकातून विषारी वायू किती बाहेर पडले, हे मात्र कोणी मोजलेले नसते. ते अनुमान असते.

या अनुमानाकडे निकाल म्हणून पाहणे ही दुरुस्तीच्या धंद्यातील सर्वांत महागडी चूक होय. परिवर्तक हा गाडीतील फार किमती भागांपैकी एक आहे आणि संकेतांक दिसताच तो बदलण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली आहे. निष्कास नळीच्या जोडावर बारीक गळती असली, तरी स्पंदनांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाऊन संवेदकाची दिशाभूल होते. ठिणगी चुकणाऱ्या सिलिंडरातून कच्चे पेट्रोल निष्कासात जाते व परिवर्तकातच पेटते. दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला, तर बहुधा हेच घडत असते व गाडी पुढे दामटल्यास ठोकळा वितळू शकतो. म्हणून आधी ठिणगी, गळती व इंधनाची दुरुस्ती, मग संवेदकाची परीक्षा आणि शेवटी परिवर्तक, असा क्रम असावा. उलट क्रमाने गेल्यास नवा परिवर्तकही त्याच रोगाने मरतो.

परिवर्तकाचे मरण दोन तऱ्हांचे असते. विषबाधेत त्याची छिद्रे मोकळी राहतात, पण पृष्ठ निष्क्रिय होते. एंजिन तेल जळत असल्यास त्यातील फॉस्फरस व जस्त, पेट्रोलातील गंधक आणि जोडकामात वापरलेले सिलिकोन ही नेहमीची विषे आहेत. सिलिकोनाने संवेदकावर पांढरट पूड बसते. गंधकाबाबत भारतीय पेट्रोलाची सुधारणा लक्षणीय आहे : टप्पा 3 मध्ये दशलक्ष भागांत 150 भाग, टप्पा 4 मध्ये 50 व टप्पा 6 मध्ये 10 भाग गंधकाची मर्यादा होती. दुसऱ्या प्रकारात ठोकळा फुटतो किंवा वितळून छिद्रे बुजतात. फुटलेल्याचा खुळखुळ आवाज येतो. बुजलेल्यात गाडी चढावर दम टाकते व संवेदकाच्या भोकातून दाबमापक लावल्यास उलट दाब वाढलेला दिसतो. पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान मोजून निकाल देण्याची जुनी पद्धत आजच्या एंजिनांत फारशी भरवशाची नाही, कारण जाळण्यासारखे शिल्लकच थोडे असते. बुजलेला ठोकळा फोडून रिकामी पेटी पुन्हा बसविण्याचा उपाय काही गॅरेजांत करतात. गाडी पळू लागते, पण तो उपचार नसून शवविच्छेदन होय. ऱ्होडियमाच्या किंमती 2021 मध्ये उच्चांकाला गेल्या, त्या सुमारास उभ्या गाड्यांचे परिवर्तक चोरीस गेल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातही नोंदल्या गेल्या.

नियतकालिक प्रदूषण तपासणी (पीयूसी) या निदानाला अंशतःच मदत करते. टप्पा 4 पासूनच्या पेट्रोल मोटारींना मंद गतीत कार्बन मोनॉक्साइडासाठी 0.3 टक्के व हायड्रोकार्बनांसाठी दशलक्ष भागांत 200 भाग अशी मर्यादा आहे. पण या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे क्षपणाची शक्ती गमावलेला परिवर्तक प्रमाणपत्र मिळवू शकतो, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे.

मुळशी तालुक्यातील माण हे हिंजवडीलगतचे शेतीचे गाव. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा त्याच्या हद्दीत आल्यावर मोटार उद्योगासाठी आज्ञावली (सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्या कंपन्या येथे आल्या; 1990 मध्ये स्थापन झालेल्या केपीआयटी या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय माण येथेच आहे. अशा कंपन्यांच्या कामात वाहननिदानाच्या आज्ञावलीही मोडतात. दिवा केव्हा लावावयाचा ही उंबरठ्याची रेषा ठरविण्यासाठी चांगले परिवर्तक भट्टीत तापवून मुद्दाम जर्जर करतात, मग ते गाडीस जोडून मागच्या संवेदकाचा झोका नोंदवितात. मान्यता-चाचणीतही बिघडलेला परिवर्तक, मंदावलेला संवेदक किंवा मुद्दाम चुकविलेली ठिणगी गाडीस देऊन ती आजार ओळखते काय, हे पाहिले जाते. टप्पा 6 नंतर अंतःक्षेपण व ऑक्सिजन संवेदक दुचाकींतही सर्वत्र आले आणि 2023 पासून निदानाचे उंबरठे आणखी कडक झाले.

पेट्रोलात 20 टक्के एथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यानंतर जुन्या गाड्यांच्या निदानात एक नवी गुंतागुंत आली आहे. एथेनॉलाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याच्या पूर्ण ज्वलनास सु. 9 पट हवा पुरते व या मिश्रणासाठी आदर्श प्रमाण 14.7 ऐवजी सु. 13.5 होते. संवेदक इंधन ओळखीत नाही, केवळ उरलेला ऑक्सिजन ओळखतो. म्हणून तो पातळपणाचा निरोप देतो व संगणक इंधन वाढवून तोल सांभाळतो. ही वाढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर पातळ मिश्रणाचा ‘पी 0171’ हा संकेतांक उमटतो. अशा वेळी संवेदक बदलण्यापूर्वी टाकीत कोणते इंधन आहे व ती गाडी कोणत्या मिश्रणासाठी बनविली होती, हे आधी विचारावे लागते.