ओवी टिकली कशी?

पहाटे जात्यावर आई ओवी गायची आणि शेजारी बसलेली लेक ती उचलायची. लेकीला म्हणता आली, की ओवी राहिली. मग गिरण्या आल्या, आपल्या हिंगोलीतही जाती थांबली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या १ लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. १९९६ नंतर बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याच्या मदतीनं बायांचे आवाज टेपवर आणि ओव्या संगणकात गेल्या. २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथ यांची ‘पारी’ त्या इंटरनेटवर ऐकवते.

पण टेपही खराब होते, संगणकही बंद पडतो. म्हणून मोठ्या कार्यालयांत संगणकाला आज्ञांची यादी लिहून देतात: रोज रात्री हे हे टेपवर उतरव. काम आपोआप होतं, पण यादी माणसानंच सांभाळायची. नव्या कामाचं नाव त्यात घातलं नाही, तर ते उतरतच नाही. कळतं केव्हा? मूळ गेल्यावर.

आपल्या गटाच्या हिशेबाची नक्कल काढा, दुसरीच्या घरी ठेवा आणि अधूनमधून वाचून बघा. आई लेकीकडून ओवी म्हणवून घ्यायची, तसंच.